ऐकलेलं वचन

मुंबईच्या मरोळ गावठाणातल्या आमच्या घरात प्रार्थना किती पिढ्यांची आहे, ते मोजता येणार नाही. बायबल मात्र माझ्या डोळ्यांदेखत आलं. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आत्याने ते खाकी कागदात गुंडाळून आणलं आणि वेदीवर, म्हणजे भिंतीतल्या त्या लाकडी देव्हाऱ्यासमोर ठेवलं. आजीने हात पुसले, पुस्तकाला हात लावून बोटं कपाळाला टेकवली आणि विचारलं, "आता हे कोन वाचनार?" तिला अक्षरओळख नव्हती.

आणि तरीही येशूच्या दु:खसहनाची गोष्ट आमच्या घरात सर्वांत जास्त तिलाच येत होती. सुपात तांदूळ घेऊन ती उंबऱ्यावर बसायची आणि खडे वेचता वेचता गेथशेमनीच्या बागेपासून कालवारीच्या टेकडीपर्यंत सगळं क्रमवार सांगायची. पेत्राने तीनदा नाकारलं, तिथे तिचा हात थांबायचा. कोंबडा आरवला हे सांगून झालं की मग पुन्हा तांदूळ पुढे सरकायचे. आमच्या दारातही कोंबडा होता. पहाटे तो आरवला की मला पेत्र आठवायचा, आणि अजूनही कुठे कोंबडा ऐकू आला की आठवतो. हे मी कुठे वाचलं नव्हतं. ऐकलं होतं.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला शुभवर्तमान इतकं पाठ कसं, हा प्रश्न मला मोठी झाल्यावर पडला. त्याचं उत्तर शोधता शोधता आमच्या गावाचा इतिहासच हाताला लागला.

मरोळचं जुनं देऊळ आता सीप्झ या औद्योगिक क्षेत्राच्या कुंपणात आहे. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, आजीही म्हणायची. ते जुनं देऊळ जिथे आहे, त्या गावाचं पोर्तुगीज कागदांतलं नाव कोंडिटा, म्हणजे आपलं कोंडिविटे. जेझुइट पाद्र्यांनी १५७९ मध्ये तिथे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या नावाने देऊळ बांधलं, आणि १५८८ मध्ये त्याच संताच्या सणाला तिथे मोठा सामूहिक बाप्तिस्मा झाला. त्याच भागात महाकालीची लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीपासून कोरलेली. तिथले बौद्ध भिक्षूही वचनं तोंडपाठच करत असणार. पाठांतराची या डोंगराला फार जुनी सवय आहे, असं मला तिकडे पाहताना नेहमी वाटतं.

१५७९ हे साल माझ्या मनात आणखी एका कारणासाठी राहिलं आहे. त्याच वर्षी थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्याला उतरला. पुढे त्याने मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ १६१६ मध्ये राशोलला छापला गेला. नंतर १६४९ आणि १६५४ मध्येही छापला गेला, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे आणि लोकांनी तो देवळांत, घरांत वाचत-गात ठेवला म्हणून. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांची जुनी पुराणं गेली होती. कानांना ओवीची सवय होती आणि घरात ओवी उरली नव्हती. स्टीफन्सने ती उणीव ओळखली. तो काही काळ वसईकडेही होता.

आमच्या मुंबईकडच्या साष्टीत मात्र घराघरांत पोचलं ते दुसरं पुराण, फ्रान्सिश्कु वाझ दि गिमाराइश या पाद्र्याचं. सतराव्या शतकातलं, येशूच्या दु:खसहनावरचं. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईत रोमन लिपीत पुन्हा छापलं गेलं. आजीच्या माहेरी उपासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या चाळीस दिवसांत, तिचा आजा ते गायचा. कंदील मध्ये, भोवती आळीतली माणसं. बायका भिंतीला टेकून बसत आणि प्रत्येक ओवीचा शेवट उचलून धरत. आजीचं बायबल ते. चार शुभवर्तमानं तिच्यापर्यंत छापील पानांतून आली नाहीत, तिच्या आज्याच्या खोकल्यासकट आली.

इतिहासाचा एक भाग आमच्या घरात कमी बोलला जाई, तो मला बोललाच पाहिजे असं वाटतं. १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, आणि आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले ते त्या सत्तेच्या छायेत. कुणी श्रद्धेने, कुणी गरजेने, कुणी भयाने. आज ते वेगळं करून सांगता येणार नाही. पण पुढचं सांगता येतं. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, १७३९ मध्ये वसईचा किल्ला चिमाजी अप्पांच्या हाती आला. पोर्तुगीज गेले, त्यांच्या मागे युरोपीय मिशनरीही गेले. राहिले ते इथल्याच मातीतले थोडे पाद्री. १७७४ मध्ये इंग्रज येईपर्यंत मधली साडेतीन दशकं या गावांवर कुठल्याही ख्रिस्ती राजाचा हात नव्हता. सोडून द्यायचं असतं तर तेव्हा सोडता आलं असतं. लोकांनी सोडलं नाही. संध्याकाळी दिवा लागला की आई गुडघे टेकत होती आणि पोरं तिच्या मागून म्हणत होती. माझ्या लेखी आमच्या श्रद्धेचा खरा बाप्तिस्मा त्या साडेतीन दशकांत, स्वयंपाकघराच्या जमिनीवर झाला.

मग १८४० ची साथ. आजीच्या आजीने तिच्या बापाकडून ऐकलेलं, आजीने मला सांगितलं. तो तेव्हा लहान पोरगा होता. माणसं रोज जात होती. शेवटी उरलेल्यांनी कोंडिविटे सोडलं आणि ती मरोळला आली. घरातलं काय काय उचललं, याची आजी यादी सांगायची: जातं नाही नेलं, जड होतं. कोंबड्या नेल्या. बियाण्याचा भात नेला. आणि देवळातलं जे हलवता येईल ते सगळं हलवलं. मरोळच्या आजच्या देवळात जुन्या वेद्या, त्यांचे खांब, पुतळे आणि बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आहे, ते तिथूनच आलेलं. माझा बाप्तिस्मा त्या कुंडाशी झाला, माझ्या मुलांचाही.

नवं देऊळ योहानाच्याच नावाचं झालं, पण योहान बदलला. कोंडिविट्याचा योहान बाप्तिस्मा करणारा, रानात ओरडून सांगणारा. त्याने एक ओळ लिहिलेली नाही. मरोळचा योहान शुभवर्तमानकार, हातात लेखणी असलेला. हे कुणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण आमच्या घराचा प्रवासही तसाच झाला: आधी आवाज, मग अक्षर.

१८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा मुंबईच्या गावठाणांत जागोजागी क्रूस उभे राहिले. गर्दी करायची नाही म्हणून असेल, देवळापर्यंत जायची भीती म्हणून असेल, माणसं आपापल्या आळीच्या क्रूसाशी जमू लागली. तिथे लादीन म्हटली जायची. संतांची नावं एकामागून एक, लॅटिनमध्ये, आणि प्रत्येक नावानंतर सगळ्यांचं एकच उत्तर. आजीला ती सबंध लॅटिन लादीन येत होती. अर्थ विचारला तर म्हणायची, "आपन हाक मारायची. त्यांना कलतं." माझ्या शाळेतल्या हुशारीला ते उत्तर पटत नसे. आज मला ते पुरेसं वाटतं, कारण त्या हाकेत शेजारीण होती, समोरच्या घरातला आजारी माणूस होता, आणि लादीन संपल्यावर वाटल्या जाणाऱ्या उकडलेल्या चण्यांसाठी थांबलेली आम्ही पोरं होतो.

मिस्सा लॅटिनमध्ये, लादीन लॅटिनमध्ये, जुन्या काही प्रार्थना पोर्तुगीजमध्ये आणि गोष्ट मराठीत. माझ्या आईवडिलांच्या तरुणपणापर्यंत ही अशी वाटणी होती. बायबल घरी वाचायला हवं असं कुणी आम्हा कॅथलिकांना सांगत नव्हतं. उलट ते फादरांचं काम, असाच समज होता.

त्याच मुंबईत दुसरीकडे फार वेगळं चाललं होतं. अमेरिकन मिशनच्या लोकांनी १८२६ मध्ये मराठी नवा करार पुरा केला आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत आलं. १८९३ मध्ये नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. ते वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. दोन वर्षांत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल सोप्या मराठीत उतरवायला बसल्या, कमी शिकलेल्या बायांना वाचता यावं म्हणून. केडगावला मुक्ती मिशनमधल्या बायकाच खिळे जुळवत होत्या, छपाई करत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्याआधी थोडेच दिवस काम पुरं झालं होतं. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. माझ्या आजीच्या वयाच्या, तिच्यासारख्याच गरीब घरांतल्या मुली केडगावात देवाच्या वचनाचे खिळे हातात घेऊन उभ्या होत्या, आणि मरोळमध्ये आजीला ते पुस्तक शिवायलाही मिळालं नव्हतं. हे मला आजही लागतं.

आमच्याकडे दार उघडलं ते १९६० च्या दशकात. १९६४ च्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेस भरली आणि २ डिसेंबरला पोप सहावे पॉल सांताक्रूझ विमानतळावर उतरले. विमानतळ म्हणजे आमचा शेजार. मरोळची माणसं भाताची कामं टाकून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. आजी गर्दीत मागे होती, तिला गाडी दिसली नाही. "पन सगले एकदम गप झाले, तवा मी वलखलं," ती सांगायची. दुसऱ्या दिवशी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना पोपनी उपनिषदातली प्रार्थना म्हटली, हे वडिलांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं. पुढल्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९६५ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ईश्वरी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज मंजूर केला. सर्व भाविकांनी पवित्र शास्त्र वाचावं, वारंवार वाचावं, असं त्यात स्पष्ट सांगितलं गेलं. देवळात मराठी मिस्सा सुरू झाली आणि थोड्या वर्षांत आत्या ते खाकी कागदातलं पुस्तक घेऊन आली.

रोज संध्याकाळी रोझरी झाली की एक उतारा, असं ठरलं. आत्या वाचायची, बाकीचे ऐकायचे. उपासकाळ आला आणि दु:खसहन सुरू झालं. आजी डोळे मिटून बसलेली. क्रूस खांद्यावर दिला, कुरेनेकर शिमोन आला, कवटीची जागा आली. आजीने डोळे उघडले.

"वेरोनिका?"

आत्याने पान मागे उलटलं. वेरोनिका नव्हती. येशूचं रक्तघामाने भरलेलं तोंड आपल्या फडक्याने पुसणारी ती बाई देवळाच्या भिंतीवरच्या क्रूसाच्या वाटेत सहाव्या स्थानावर आहे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या गोष्टींत आहे, चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. आत्याने मत्तय पाहिला, मार्क पाहिला, लूक पाहिला, योहानही पाहिला. वडील म्हणाले, पुस्तकात नाही म्हणजे नाही.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लिवनारे तवा पलून गेलते ना. बाया होत्या तिथं. बायांना कोन इचारतं?"

मी पुढे बायबलवरची पुष्कळ पुस्तकं वाचली, व्याख्यानं ऐकली. या वाक्याच्या तोलाचं भाष्य मला क्वचित मिळालं. शिष्य पळाले, हे शुभवर्तमानातच आहे. बायका दुरून पाहत होत्या, हेही आहे. रविवारी पहाटे रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली, आणि त्यांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली, हे लूक स्वत:च लिहितो. आजीने हे सगळं एका दमात जोडलं. वेरोनिका इतिहासात होती की नाही, मला माहीत नाही. पण त्या संध्याकाळपासून कुठलाही उतारा वाचताना मी विचारते, इथे कोण उभं आहे ज्याचं नाव लिहिलेलं नाही? भाकरी आणि मासे आणणारा तो पोरगा. पेत्राची बायको. वाचायला शिकले मी शाळेत. बायबल वाचायला मला एका निरक्षर बाईने शिकवलं.

आता मी स्वत: आजी आहे. भाताची खाचरं माझ्या लहानपणीच जाऊ लागली होती. आधी एमआयडीसी, मग १९७३ मध्ये सीप्झ. आता गावठाणाच्या तिन्ही बाजूंना काचेच्या इमारती आहेत आणि खालून मेट्रो जाते. आगेराला, म्हणजे सुगीच्या सणाला, नव्या भाताची कणसं देवळात न्यायची, तीसुद्धा विकत किंवा मागून आणावी लागतात. घरातली रोझरी रोज होत नाही. रात्री आठला कुणी कामावरून परतलेलं नसतं. हे सगळं बदललं याचं मला दु:ख आहे, पण तक्रार नाही. पहाटे चहा ठेवायच्या आधी मी त्या दिवसाचा उतारा वाचते. मोठ्याने. घरात कुणी जागं नसलं तरी मोठ्याने.

तो उतारा मी निवडत नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. परिषदेनंतर, १९६९ मध्ये, चर्चने वाचनांचा नवा क्रम ठरवला. रविवारचं चक्र तीन वर्षांचं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मुख्यत: उपासकाळात नि ईस्टरच्या दिवसांत. रोजच्या शुभवर्तमानाचं चक्र एका वर्षाचं, पहिल्या वाचनाचं बहुतेक काळ दोन वर्षांचं. मरोळमध्ये आज जे वाचतात तेच वसईत, तेच मनिलात, तेच नैरोबीत. आवडतं ते उघडायची सोय नाही. क्षमेवरचा उतारा नेमका अशा दिवशी येतो, ज्या दिवशी मला सख्ख्या नात्यातल्या एकाचं तोंड पाहायचं नसतं. मग वाचताना आवाज अडतो. मनातल्या मनात वाचलं असतं तर डोळे सरकून गेले असते. तोंडाने म्हणायचं म्हटलं की सरकता येत नाही.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा काही दिवस मला काहीच वाचवेना. सांत्वनाची वचनं लोक फोनवर पाठवत होते आणि ती मला नको होती. आत्या तेव्हा खूप थकली होती. तिने मला अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढायला लावलं. दीडशे स्तोत्रांतलं ते सर्वांत काळोखं. इतर बहुतेक विलाप शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. चर्चने ते दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत ठेवलं आहे, म्हणजे जगभरचे पाद्री, सिस्टर आठवड्यातून एकदा ते म्हणूनच झोपतात. देवाने आपल्या ग्रंथात स्वत:विरुद्धची एवढी उघड तक्रार राहू दिली आणि तिच्यापुढे उत्तर लिहिलं नाही. आत्या एक कडवं म्हणायची, मी पुढचं. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी झोपले.

बाहेरच्या जगातही वाचन बराच काळ असंच, तोंडाने होत होतं. संत ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनात मिलानच्या अँब्रोझबद्दल मुद्दाम नोंदवलं आहे की तो वाचताना नुसते डोळे फिरवायचा, आवाज करायचा नाही. सांगण्यासारखी गोष्ट वाटली म्हणून तर लिहिली. आणि प्रेषितांच्या कृत्यांतला तो इथिओपियाचा अधिकारी? रथात बसून यशयाचं पुस्तक वाचत होता. फिलिप्पाला ते ऐकू गेलं, म्हणजे मोठ्यानेच वाचत होता. वाचतोस ते समजतं का, असं विचारल्यावर तो म्हणाला की कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार, आणि त्याने फिलिप्पाला रथात बसवून घेतलं. माझी धाकटी पिढी फोनवर बायबल वाचते, छान वाचते. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ची मराठी त्यांना जवळची वाटते, मलाही वाटते. माझं त्यांच्याकडे मागणं एवढंच असतं की इअरफोन काढा आणि एखाद्याला तरी ऐकू जाईल असं वाचा. जो ऐकतो तो विचारतो. आजी ऐकत होती म्हणून वेरोनिकाची आठवण निघाली.

दर वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी कोंडिविट्याच्या पडक्या देवळात मिस्सा होते. सीप्झच्या फाटकातून परवानगीने आत जायचं. छप्पर नाही, भिंतींत झाडांची मुळं शिरलेली, पण दर्शनी भिंत उभी आहे. या वेळी पहिलं वाचन माझ्या नातीकडे आलं आहे. ईस्टरच्या दिवसांत पहिलं वाचन प्रेषितांच्या कृत्यांतून असतं आणि त्यात परक्या गावांची नावं फार. ती इंग्रजी माध्यमाची, जोडाक्षरांपाशी थबकते. रोज संध्याकाळी ती ओट्याशी उभी राहून वाचते आणि मी भाजी चिरता चिरता ऐकते. तिला दोन गोष्टी सांगितल्यात. विमान डोक्यावरून जाईल तेव्हा थांबायचं, घाई करायची नाही, ते जाऊ द्यायचं. आणि म्हातारी माणसं मागे सावलीला बसतात, त्यांतल्या काहींना वाचता येत नाही. शेवटचा शब्द तिथपर्यंत पोचला पाहिजे.